जुना पेन प्लॉटर रेडियम कापायला लावताना: ब्लेड सगळ्यात शेवटी

जुना पेन प्लॉटर (संगणकाच्या आज्ञेवर पेन फिरवून चित्र काढणारं यंत्र) हाती लागला की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. ब्लेड-होल्डर मागवायचा, पेनाच्या जागी कोंबायचा आणि फाईल पाठवायची. मग रेडियम (स्टिकरचं चिकट प्लॅस्टिक) कुठे कापलं जातं, कुठे नुसतंच ओरखडतं, कोपरे गोल येतात, अर्ध्या कामात यंत्र भरकटून पानभर तिरक्या रेघा मारतं आणि दोन दिवसांत पुन्हा माळ्यावर जातं. दोष यंत्राचा नसतो. केबल, दाब, होल्डरची ढिलाई आणि फाईल अशी चार कारणं एकाच वेळी समोर आली की कुठलं कारण कुठे नडतंय ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून खालच्या क्रमात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

हा लेख एचपी ७४७५ए किंवा रोलँडच्या डीएक्सवाय मालिकेसारख्या, एचपीजीएल (प्लॉटरला आज्ञा द्यायची भाषा) समजणाऱ्या ए३ आकाराच्या यंत्रांसाठी आहे. या आकारात दुकानाच्या काचेवरचं नाव, गाड्यावरचं दरपत्रक, स्कूटरची टाकी, चवथीच्या मखरावरची अक्षरं एवढं आरामात होतं. ट्रॉलरच्या नाळेवरचं (पुढच्या टोकावरचं) नाव एका पानात बसणार नाही, ते एकेक अक्षर कापून जोडावं लागेल. गाडीची नंबरप्लेट मात्र या यंत्रावर करू नका. २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेटच लागते आणि रेडियमची प्लेट लावली तर दंड गाडीमालकाला बसतो.

सुरुवातीला काय जमवायचं

यूएसबी-सिरियल केबल, २५ पिनी कनेक्टर, रोलँड पद्धतीचं ४५ अंशाचं ब्लेड आणि बेअरिंगवालं होल्डर, सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा खिशातला काटा, जाड शिवणदोरा, चालू स्थितीतलं एक पेन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, आणि रेडियमचे वाया गेलेले तुकडे. तुकडे विकत घेऊ नका. म्हापशात, मडगावात, फोंड्यात कुठल्याही रेडियम कटिंगच्या दुकानात कोपऱ्यात ढीग पडलेला असतो, विचारलं की देतात. मात्र सगळे तुकडे एकाच जातीचे घ्या, नाहीतर चाचण्यांची तुलनाच करता येणार नाही.

टप्पा १: वीज लावण्याआधी

आपल्याकडे ही यंत्रं दोन वाटांनी येतात: बंद पडलेल्या कचेरीतून, नाहीतर कुणा तारवट्याने (जहाजावर काम करणाऱ्याने) किंवा आखातातल्या नातेवाइकाने आणलेली. दुसऱ्या वाटेने आलेल्या यंत्राची मागची बाजू आधी बघा. तिथे व्होल्टेज निवडायची सोय असते. ती १२० वर असताना आपल्या २३० व्होल्टवर बटण दाबलं की पुढचं सगळं वाचायची गरज उरत नाही. व्होल्टेज बदललंत तर फ्यूजही त्या व्होल्टेजचा लागतो, तोही तपासा.

अर्थिंग असलेला तीन पिनी सॉकेटच वापरा. जुन्या घरांत अर्थची पिन नुसती शोभेला असते. एकदा इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या, कारण पुढे हे यंत्र केबलने तुमच्या संगणकाला जोडलं जाणार आहे.

आता स्वच्छता. कागद ओढणाऱ्या खरखरीत चाकांमध्ये कागदाचा भुगा आणि दमट हवेने आलेला चिकटा असतो. तो कोरड्या ब्रशने काढा. वरचे रबरी रोलर अल्कोहोलने पुसा. थिनर अजिबात नको, रबर फुगतं. पेनाची गाडी ज्या दांड्यावर सरकते त्यावर खाऱ्या हवेने गंजाचे ठिपके आले असतील तर ते मऊ कापडाने घासून काढा. पॉलिश पेपर लावू नका. यंत्र बंद असताना गाडी हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. कुठेही अडखळता कामा नये.

*तपासणी:* पहिल्यांदा चालू करताना समोर उभे राहा. जळका वास किंवा धूर आला तर लगेच प्लग काढा. जुन्या यंत्रांत वीज आत येते तिथला फिल्टरचा कपॅसिटर फुटतो. दुरुस्ती स्वस्त आहे, पण ती जाणकाराकडूनच करून घ्या.

टप्पा २: केबल

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. आधी मागचं पोर्ट ओळखा. २५ पिनी, डी आकाराचं असेल तर ते आरएस-२३२, म्हणजे जुन्या पद्धतीचं सिरियल पोर्ट, आपलं काम सोपं. रुंद, दोन रांगांत पट्ट्या असलेलं २४ पिनी असेल तर ते जीपीआयबी, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांसाठीचं वेगळं पोर्ट. त्याला साधी यूएसबी-सिरियल केबल चालत नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. यंत्र विकत घेण्याआधी हे बघितलेलं बरं.

छंदवाल्यांकडे मायक्रोकंट्रोलरसाठी वापरायचे ५ व्होल्टचे छोटे सिरियल बोर्ड असतात. ते इथे लावू नका. आरएस-२३२ची पातळी वेगळी असते, बोर्ड जळेल. ९ पिनी तयार केबलच घ्या.

एचपी ७४७५एसाठी जोडणी अशी: प्लॉटरची २ नंबरची पिन संगणकाच्या २ला, ३ नंबरची ३ला, ७ नंबरची ५ला. बरेच जण तीन तारांवर थांबतात, पण चौथी सर्वांत महत्त्वाची आहे: प्लॉटरची २० नंबरची पिन संगणकाच्या ६ आणि ८ला. या तारेवरून प्लॉटर संगणकाला ‘थांब, जागा नाही’ असं सांगतो. या यंत्राची स्मृती जेमतेम १०२४ बाइटची. थांब सांगायची सोय नसेल तर पहिली दोन अक्षरं सुरेख येतात, मग स्मृती भरते, आज्ञा गळतात आणि पेन वाट्टेल तिकडे धावतं. सुरुवात बरोबर आणि मध्येच गोंधळ दिसला की डोळे मिटून ही तार तपासा.

मागचे छोटे स्विच ९६०० बॉडसाठी (बॉड म्हणजे माहिती पाठवायचा वेग) लावा. स्विचची मांडणी यंत्रागणिक वेगळी असते, ती त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. स्विच बदलल्यावर यंत्र बंद करून पुन्हा चालू करायला विसरू नका, तोवर नवी मांडणी लागू होत नाही.

टप्पा ३: पेनाने चौकोन

इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये १०० मिमीचा चौकोन काढा. एक्सटेन्शन्समध्ये एक्सपोर्ट आणि त्यात प्लॉट हा पर्याय आहे. तिथे पोर्ट निवडा, बॉड ९६००, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट, पॅरिटी स्विचला जुळेल ती. फ्लो कंट्रोल तुमच्या तारेप्रमाणे हार्डवेअरचं. आज्ञांची भाषा एचपीजीएल आणि रिझोल्यूशन १०१६. हा १०१६चा आकडा हौसेने वाढवू नका. एचपीजीएलचं एक एकक ०.०२५ मिमीचं असतं आणि एका इंचात अशी १०१६ एककं बसतात. आकडा बदललात की मापच बदलतं.

पेन लावून चौकोन काढा, पट्टीने मोजा. मग खूप रेघा असलेलं एक मोठं चित्र पाठवा. केबलची खरी परीक्षा तिथे होते, चौकोन तर स्मृतीत सहज मावतो.

*तपासणी:* तेच मोठं चित्र त्याच कागदावर पुन्हा काढायला लावा. दुसरी रेघ पहिलीवर तंतोतंत बसली पाहिजे. शेवटाकडे रेघा दुहेरी दिसू लागल्या तर कागद सरकतोय. रोलर कडक झाले असतील किंवा चाकं अजून मळकी असतील. हे आत्ताच सोडवा, कारण ब्लेड पेनापेक्षा कितीतरी जोराने ओढतं.

टप्पा ४: दाब मोजा

यंत्र पेनासाठी बनलं आहे. कागदावर शाई सोडायला वीस-तीस ग्रॅम दाब पुरतो. साधं स्टिकरचं रेडियम ७० ते ८० मायक्रॉन जाडीचं असतं आणि नव्या ४५ अंशाच्या ब्लेडला ते कापायला साधारण ५० ते १०० ग्रॅम लागतात. म्हणजे दाब दुपटी-चौपटीने वाढवायचा आहे, तोही पेन उचलणाऱ्या यंत्रणेला न दमवता. एचपी ७५५०एसारख्या काही यंत्रांत दाब आज्ञेने बदलता येतो. तसं असेल तर आधी तो कमाल करून बघा, कदाचित बाकी काही करावंच लागणार नाही.

मोजायचं कसं? काटा पेनाखाली ठेवायला जागा नसते. म्हणून पेनाच्या मानेला दोरा बांधा, तो बरोबर वरच्या बाजूला आडव्या धरलेल्या गुळगुळीत सळईवरून न्या आणि दुसऱ्या टोकाला छोटी प्लॅस्टिकची पिशवी लटकवा. पेन खाली सोडा आणि त्याखाली कागदाची पट्टी अडकवा. आता पिशवीत एकेक नाणं टाकत पट्टी हलकेच ओढून बघा. पट्टी सुळकन सुटली की थांबा, पिशवी काढून काट्यावर ठेवा. तो आकडा म्हणजे तुमचा दाब. सळईच्या घर्षणामुळे थोडा फरक पडतो, पण आपल्याला ग्रॅमचा हिशेब नको आहे, वीस की ऐंशी एवढंच हवं आहे.

वाढवायचा कसा? चाचणीपुरती नाणीच वापरा. २०११मध्ये आलेल्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं असतं. पाच-सहा नाणी एकावर एक ठेवून पेन पकडणाऱ्या भागावर, शक्य तितकं पेनाच्या अक्षाजवळ, कागदी टेपने बांधा. किती नाण्यांवर पेन धड उचललं जातं आणि किती नाण्यांवर यंत्र हार मानतं हे इथे कळतं.

कायमसाठी मात्र नाणी नकोत. वजन जड असलं की पेन खाली आपटतं, उसळतं, आणि प्रत्येक रेघेची सुरुवात न कापलेली राहते. त्याऐवजी बॉलपेनची हलकी स्प्रिंग लावा: एक टोक गाडीच्या न हलणाऱ्या भागाला, दुसरं पेन पकडणाऱ्या भागावर, दाब सरळ खाली येईल असं. दाब बाजूने आला तर होल्डर कलतं आणि एका दिशेच्या रेघा खोल, दुसऱ्या दिशेच्या उथळ कापल्या जातात. काही जण रबरबँड लावतात. आपल्या हवेत रबरबँड दोन महिन्यांत चिकट होऊन तुटतं, आणि तुटतं ते नेमकं चवथीच्या आदल्या रात्री.

इशारा: स्प्रिंग लावल्यावर पेन-खाली-पेन-वर असं सलग पाच मिनिटं चालवा आणि उचलणाऱ्या भागाला हात लावा. तो चांगलाच तापला असेल तर स्प्रिंग जड झाली, हलकी लावा. दाब ५० ग्रॅमच्या पुढे जात नसेल तरी हरकत नाही. नवं ब्लेड आणि कमी वेग ठेवला तर पातळ रेडियम तेवढ्यातही कापलं जातं. मोटरची किंवा कॉइलची ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नका.

टप्पा ५: होल्डर, पण ब्लेडशिवाय

बाजारातलं पितळी किंवा अॅल्युमिनियमचं होल्डर आधी काट्यावर ठेवा. पेनाच्या मानाने ते बरंच जड निघेल, आणि ते सगळं वजन यंत्राला दर वेळी उचलायचं आहे. शक्य असेल तर डेलरिनच्या (एक कडक प्लॅस्टिक) दांड्यातून लेथवर हलकं होल्डर करून घ्या, नाहीतर थ्रीडी प्रिंट करा. लेथवाल्याला आकृती देण्यापेक्षा एक वाळलेलं जुनं पेन आणि बेअरिंगसकट ब्लेड हातात द्या आणि सांगा: मानेची कड, तिची जाडी आणि कडेपासून टोकापर्यंतची लांबी या पेनासारखी हवी. तीन मापं, त्यात टोकाची लांबी सर्वांत महत्त्वाची. टोक खाली आलं तर पेन उचललेलं असतानाही रेडियमला घासतं.

ब्लेड न घालता होल्डर बसवा आणि बोटाने हलवून बघा. जराही खुटखुट जाणवली तर पुढे जाऊ नका. इथली एवढीशी ढिलाई कापताना दुप्पट होऊन दिसते, वर्तुळाची टोकं जुळत नाहीत, आणि लोक त्याचं खापर सॉफ्टवेअरवर फोडतात. कागदी टेपचा एखादा फेरा गुंडाळून घट्ट करा.

इशारा: पेन बदलणाऱ्या चकतीत ब्लेड ठेवू नका. टोपणाच्या रबरात ते रुतेल. फाईलमधली पेन निवडायची आणि शेवटी परत ठेवायची आज्ञा काढून टाका आणि होल्डर हाताने बसवा. काही यंत्रं पेन निवडल्याशिवाय खाली सोडतच नाहीत. तुमचं यंत्र काय करतं ते आधी साध्या पेनाने बघून घ्या.

टप्पा ६: ब्लेड

ब्लेड किती बाहेर ठेवायचं यात सगळ्यांचाच हात सैल सुटतो. रेडियमची जाडी आणि खालच्या बॅकिंग कागदाची निम्मी जाडी, बस. नुसत्या डोळ्यांना टोक जेमतेम दिसलं पाहिजे. यापेक्षा बाहेर काढलंत तर ब्लेड कागदात रुततं, वळताना अडतं, टोक मोडतं आणि खालचा प्लॅटनही (कागदाखालचा पृष्ठभाग) ओरखडतो.

होल्डर यंत्रात लावण्याआधी हातात उभं धरून तुकड्यावर रेघ ओढा. रेडियम सोलून बघा, मग बॅकिंग उलटं करून नख फिरवा. मागे रेघ लागत असेल तर ब्लेड आत घ्या.

ब्लेड बेअरिंगमध्ये फुंकर मारली तरी फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर अल्कोहोलचा एक थेंब, आणि मग शिवणमशीनच्या तेलाचा अगदी सुईच्या टोकावर येईल एवढा अंश.

टप्पा ७: देवनागरीची फाईल

रोमन अक्षरांचे स्टिकर बरोबर येतात आणि मराठी-कोंकणी नावं फसतात, अशी तक्रार नेहमीची. कारण सरळ आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते, पण ब्लेडसाठी ते दोन वेगळे आकार आहेत. ‘शांतादुर्गा’ जसंच्या तसं पाठवलंत तर प्रत्येक जोडावर शिरोरेघ उभी चिरली जाईल, काना वेगळा होईल, रफार सुटून निघेल.

म्हणून आधी मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करा, गट सोडवा, सगळं निवडून युनियन करा, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एक होतील. मग भरलेला रंग काढून फक्त बाह्यरेषा दाखवा आणि शब्दभर नजर फिरवा. शिरोरेघेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये. युनियननंतर ‘ळ’, ‘क’ यांच्या पोटातली भोकं शाबूत आहेत ना, तेही बघा.

अनुस्वार हे दुसरं दुखणं. ३ मिमीपेक्षा लहान टिंब सोलताना हमखास कचऱ्याबरोबर निघून जातं. फॉन्ट लहान असेल तर टिंब हाताने मोठं करा, शिरोरेघेपासून थोडं वर सरकवा. सुलेखनाचे बारीक-जाड फॉन्ट या यंत्रावर नकोतच. सर्वांत बारीक रेघ २ मिमीची ठेवा.

टप्पा ८: ऑफसेटची चाचणी

ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यावर नसतं, ट्रॉलीच्या फिरत्या चाकासारखं मागे ओढलं जातं. रोलँड पद्धतीच्या ब्लेडमध्ये हे अंतर साधारण ०.२५ मिमी. इंकस्केपच्या प्लॉट खिडकीत टूल ऑफसेटमध्ये (हेच अंतर) ०.२५ आणि ओव्हरकटमध्ये (सुरुवातीच्या बिंदूपुढे किती कापायचं) १ मिमी घाला. प्रीकटचा पर्याय चालू ठेवा. त्याने ब्लेड कामाआधी एक छोटी रेघ मारून योग्य दिशेला वळतं. ती रेघ रेडियमवर उमटते, तेवढा कोपरा रिकामा सोडा.

वेग ५ सेंमी प्रतिसेकंद, त्याहून जास्त नको. पेनाला ३८ सेंमीपर्यंत धावणारं यंत्र रेडियमवर तसं धावलं की कागद सरकलाच म्हणून समजा.

१० मिमीचा चौकोन आणि त्याशेजारी १० मिमीचं वर्तुळ कापा, सोला, भिंगातून बघा:

- कोपरे गोल आले तर ऑफसेट कमी आहे, ०.०५ने वाढवा.
- कोपऱ्यांना बाहेर शिंगं फुटली तर जास्त आहे, तेवढाच कमी करा.
- वर्तुळाची सुरुवात-शेवट जुळत नसेल तर आधी होल्डरची ढिलाई, मग ओव्हरकट.
- अक्षरांमधून आडव्या पुसट चिरा गेल्या तर ब्लेड पुरतं उचललं जात नाही. स्प्रिंग किंवा टोकाची लांबी बघा.

एका चाचणीत एकच आकडा बदला आणि तो तुकड्याच्या मागेच पेनाने लिहून ठेवा.

टप्पा ९: कापणं, सोलणं, चिकटवणं

तुकडा यंत्राच्या कागदाएवढा, चारही बाजू काटकोनात कापलेला हवा. सपाट पाटाच्या यंत्रावर तो चारही कडांनी कागदी टेपने चिकटवा. चाकांनी ओढणाऱ्या यंत्रात कड वळलेली नको, ती ब्लेडला अडते.

पावसाळ्यात आणखी एक त्रास. रेडियमचा बॅकिंग कागद ओल धरतो, लाटेसारखा उठतो आणि मधूनमधून रेडियमपासून सुटतो. तिथे कापलेलं अक्षर सुरकुततं. रोल उभा, प्लॅस्टिकमध्ये बांधून, आणि कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवतो तशा कोरड्या जागी ठेवा. कामाच्या आदल्या दिवशी तुकडा यंत्राच्याच खोलीत काढून ठेवा.

सोलताना रेडियम सरळ वर उचलू नका. मागे दुमडून, कागदाला जवळजवळ चिकटूनच ओढा, शिरोरेघेच्या दिशेने. टिंबाजवळ आलात की सुईने टिंब दाबून धरा.

मग ट्रान्सफर टेप (अक्षरं बॅकिंगवरून उचलून काचेवर नेणारी चिकट टेप), स्क्वीजीने (सपाट पट्टीने) मधून कडेकडे घासून. काच किंवा पत्रा आधी अल्कोहोलने पुसा. किनाऱ्याजवळच्या दुकानाच्या काचेवर मिठाचा न दिसणारा थर असतो, त्यावर लावलेला स्टिकर महिन्याभरात कडांनी उचलतो. लावल्यावर थोडा वेळ थांबून टेप सोला, तीही मागे दुमडून. अक्षर टेपबरोबर उठू लागलं तर टेप परत खाली बसवा, त्या जागी पुन्हा घासा आणि कोन आणखी कमी करून ओढा.

काम झालं की ब्लेड होल्डरमधून काढून तेलाच्या बोटाने पुसा आणि टोपणात ठेवा. होल्डर गाडीत तसंच सोडलं तर स्प्रिंग ताणलेली राहते आणि पुढच्या वेळी मोजलेला दाब तोच असेल याची खात्री उरत नाही.